राजाचे नाव आणि चांदीचा आवाज

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चौरंगावर जी चांदीची नाणी मांडली जात, त्यांत एक राणीछाप रुपया असे. आजी तो चिंचेने घासून लखलखीत करी आणि चौरंगावर ठेवण्यापूर्वी शहाबादी फरशीवर एकदा वाजवून पाही. आम्ही मुले त्या रुपयावरच्या राणीचा मुकुट, तिचा कपाळपट्टा, तिची नक्षीदार वस्त्रे न्याहाळीत असू. आजीने मात्र राणीच्या मुखाकडे कधी पाहिल्याचे मला स्मरत नाही. रुपया तोच, गेल्या वर्षी वाजवलेलाच. तरी ती पुन्हा वाजवी. राणी कोण होती याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. तिला आवाज ऐकायचा होता.

दिवाळी अंकात कवितेचे वा कादंबरीचे परीक्षण यावे असा रिवाज आहे. मी आज नाण्यांचे परीक्षण करायला बसलो आहे. नाणे हाही एक वाङ्मयप्रकारच म्हणायचा. बहुधा जगातला सर्वांत आखूड. अंगठ्याच्या नखाएवढी जागा, दहापाच अक्षरे, एखादे चित्र आणि वाचक मात्र लाखो, तेही बहुतेक निरक्षर. या वाङ्मयाचा जो काळ मला सर्वांत मनोरंजक वाटतो, तो म्हणजे इसवी सन ४७६ मध्ये पश्चिमेकडील रोमन साम्राज्य कोसळल्यापासून अकराव्या शतकापर्यंतचा युरोप. जुना बादशहा गेलेला, नवे राजे अजून पुरते राजे झालेले नाहीत आणि प्रत्येकाला आपले नाव धातूवर उमटवायची घाई झालेली, असा तो काळ.

या नाण्यांविषयी एक मत सर्रास मांडले जाते. नाणे म्हणजे राजाचा जाहीरनामा. ज्याच्या नाण्यावर त्याचे नाव आणि छबी ठसठशीत तो राजा बलवान, आणि ज्याचे नाव पुसट तो दुबळा. हे मत सोपे आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे. मला ते पटत नाही. लेखकाची प्रस्तावना वाचून ग्रंथाची योग्यता ठरवावी, तशातला हा प्रकार आहे. राजाने स्वतःविषयी काय म्हटले एवढेच त्यातून कळते. ते घेणाऱ्याने मानले का, हा खरा प्रश्न उरतोच.

पहिला दाखला फ्रँक लोकांच्या थ्यूडेबर्ट राजाचा. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या ईशान्य फ्रान्सवर आणि ऱ्हाईन नदीच्या प्रदेशावर याचे राज्य होते. तोवर जर्मन वंशाच्या राजांनी सोन्याचे नाणे पाडले तरी त्यावर नाव घालायचे ते कॉन्स्टंटिनोपलच्या सम्राटाचेच, असा शिरस्ता होता. थ्यूडेबर्टने तो मोडला. त्याने सोन्याच्या नाण्यावर सरळ आपले नाव घातले आणि पुढे ‘विजेता’ हे बिरुदही लावले. सम्राट जस्टिनियनच्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस याने या आगळिकीची तक्रारच नोंदवून ठेवली आहे. इराणचा शहेनशहा चांदीवर हवे ते छापतो, पण सोन्यावर स्वतःची छबी घालायला तोही धजत नाही, आणि हे फ्रँक मात्र धजले, असा त्याचा सूर आहे.

इतिहासाचे ग्रंथ येथे थांबतात आणि थ्यूडेबर्टच्या धाडसाला दाद देतात. पण ते नाणे जरा निरखून पाहावे. शिरस्त्राण, भाला, ढाल, समोर रोखलेली नजर हे सगळे सम्राटाच्या नाण्यावरचेच आहे. नाव बदलले आहे, चेहरा उसना आहे. बंडखोर कवीने जुन्याच वृत्तात, जुन्याच उपमांनी कविता करावी आणि खाली सही तेवढी आपली ठोकावी, तसे हे झाले. शिवाय हे सोने आले कोठून? त्याचा मंत्री पार्थेनियस याने फ्रँक लोकांवर कर बसवले होते. ५४७ च्या सुमारास राजा वारला, तेव्हा त्रियर शहराच्या लोकांनी या मंत्र्याचा पाठलाग केला. चर्चमधल्या एका पेटीत तो लपला होता. तेथून त्याला ओढून काढून लोकांनी दगडांनी ठेचून मारले. तूरचा बिशप ग्रेगरी याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. नाण्यावरचा ‘विजेता’ हा शब्द प्रजेने कसा वाचला, याचे याहून स्पष्ट परीक्षण मला ठाऊक नाही.

पुढच्या शतकात याच फ्रँक राज्यात अगदी उलटे दृश्य दिसते. सोन्याची छोटी छोटी नाणी शेकडो गावांतून पडत होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर राजाचे नावच नाही. एका बाजूस गावाचे नाव, दुसऱ्या बाजूस ते नाणे पाडणाऱ्या टांकसाळ्याचे. प्रचलित मताप्रमाणे हा राजसत्तेच्या ऱ्हासाचा पुरावा. तो तसा काही अंशी आहेही. पण त्या टांकसाळ्यांमध्ये एलिजियस नावाचा एक सोनार होता. डॅगोबर्ट राजाच्या दरबारी त्याचे मोठे वजन. त्याच्या चरित्रात अशी कथा आहे की, राजाने एका सिंहासनापुरते सोने दिले असता त्याने त्यातून दोन सिंहासने घडवली आणि दोन्ही राजापुढे आणून ठेवली. पुढे ६४१ मध्ये तो बिशप झाला, मरणानंतर संत ठरला. ही कथा खरी की भाविकांनी रचलेली, हा प्रश्न गौण आहे. लोकांना त्या काळी कशाची वाण होती, ते तिच्यावरून कळते. राजाच्या पराक्रमाच्या कथा खंडीभर होत्या. सोने न चोरणारा सोनार हाच चमत्कार होता. ज्या नाण्यावर एलिजियसचे नाव होते, त्याला राजाच्या नावाची निकड किती असणार? पण असे एलिजियस थोडेच निघतात. सोन्यात चांदी मिसळत मिसळत सातव्या शतकाच्या अखेरीस सोने नावापुरतेही उरले नाही आणि त्याची जागा चांदीच्या छोट्या नाण्याने, दिनारियसने, घेतली.

हे चांदीचे नाणे ज्याने युरोपभर रूढ केले, तो शार्लमेन. बारा दिनारियसचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड हा हिशेब त्याच्या राज्यात घट्ट बसला आणि इंग्लंडात तो थेट १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत टिकला. ७९३ च्या सुमारास शार्लमेनने दिनारियसचे वजन वाढवून सुमारे १.७ ग्रॅम केले. आमच्या राणीछाप रुपयाचे वजन एक तोळा. म्हणजे शार्लमेनचे नाणे त्याच्या सातव्या हिश्श्याएवढे. ७९४ मध्ये फ्रँकफर्ट येथे भरलेल्या सभेत त्याने या नव्या नाण्यासंबंधी हुकूम काढला. तो हुकूम मला कोणत्याही राजस्तुतीपेक्षा अधिक बोलका वाटतो. नाण्यावर आमचे नाव असेल, चांदी शुद्ध असेल आणि वजन पुरे असेल, तर ते प्रत्येक गावी, प्रत्येक बाजारी घेतलेच पाहिजे, असा त्याचा आशय. नाकारणारा स्वतंत्र माणूस असेल तर त्याला पंधरा शिलिंग दंड. गुलाम असेल तर त्याचा माल जप्त किंवा चारचौघांत उघड्या अंगावर फटके.

या हुकुमात दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, राजा स्वतःच नाव, कस आणि वजन अशा तीन कसोट्या सांगतो. नुसते नाव पुरेसे नाही, हे शार्लमेनला पक्के माहीत होते. दुसरी ही की, ज्या अर्थी न घेणाऱ्याला फटके सांगावे लागले, त्या अर्थी न घेणारे होते. आठव्या शतकातली कोणी एक कोंबड्या विकणारी बाई नवे नाणे हातात उलटसुलट करून पाहते आणि मान हलवते. अर्ध्या युरोपच्या धन्याला तिच्यासाठी कायदा करावा लागतो. मला या हुकुमातून राजाच्या सामर्थ्याइतकीच त्या बाईच्या सामर्थ्याचीही साक्ष मिळते.

शार्लमेनची छबी असलेली नाणीही आहेत. फार थोडी उरली आहेत. ती त्याच्या आयुष्याच्या अखेरची, म्हणजे ८१४ पूर्वीच्या दोनतीन वर्षांतली असावीत. डोक्यावर विजयपत्रांची माळ, खांद्यावर रोमन झगा आणि भोवती सम्राट ही पदवी. कारागिरी उत्तम. पण त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की, शार्लमेनला परकी वस्त्रे मुळीच आवडत नसत; रोमन पोशाख त्याने जन्मात दोनदा चढवला, तोही पोपांच्या आग्रहावरून. रोज तो आपल्या फ्रँक बांधवांसारखाच साधा अंगरखा घाली. तेव्हा नाण्यावर जो बसला आहे, तो शार्लमेन नव्हे. त्याच्या अंगावर टांकसाळीने चढवलेला जुना रोम आहे. चित्र म्हणून हे नाणे सुंदर आहे. साक्षीदार म्हणून मी त्यापेक्षा त्याच्या साध्या, बिनचेहऱ्याच्या दिनारियसवर अधिक विश्वास ठेवीन.

त्याचा समकालीन, इंग्लंडातील मर्शिया राज्याचा ऑफा (७५७ ते ७९६), हा या बाबतीत मोठा गमतीचा राजा. त्याची राणी किनेथ्रिथ हिच्या नावानेही नाणी पडली. त्या काळच्या इंग्लंडात हा मान दुसऱ्या कोणत्याही राणीला मिळालेला दिसत नाही. पण ऑफाचे जे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याला तोड नाही. ते बगदादच्या खलिफा अल्-मन्सूरच्या हिजरी १५७ सालच्या, म्हणजे इसवी सन ७७३-७४ च्या दिनाराची नक्कल आहे. अल्लाखेरीज देव नाही आणि महंमद त्याचा प्रेषित आहे, हे अरबी शब्द त्यावर जसेच्या तसे उतरवले आहेत. मधूनमधून चुका आहेत, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. आणि त्या ओळींच्या मधोमध रोमन अक्षरांत ‘ऑफा राजा’ असे आहे. अरबी सुलटे धरले तर राजा उलटा होतो!

यावर हसू येते, आणि यावे. पण हसून झाल्यावर विचार करावा. एका ख्रिस्ती राजाने आपल्या नाण्यावर दुसऱ्या धर्माचा कलमा का येऊ दिला? ते शब्द त्याच्या माणसांना शब्द वाटतच नव्हते. चांगले सोने असेच दिसते, एवढाच त्या नक्षीचा अर्थ. खलिफाच्या दिनाराने कस राखून दूरदूरच्या बाजारांत जो लौकिक मिळवला होता, त्याच्या सावलीत ऑफाने आपले नाव आणून बसवले.

आता नावाचे नुसते टरफल कसे उरते, ते पाहण्यासाठी पुन्हा फ्रान्सकडे वळू. शार्लमेनचा नातू, टकल्या चार्ल्स म्हणून इतिहासाला परिचित असलेला, याने ८६४ मध्ये पीत्र येथे नाण्यासंबंधी सविस्तर फर्मान काढले. संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, जुनी नाणी बंद. राजवाड्याची टांकसाळ आणि आणखी नऊ ठिकाणे सोडून कोठेही नाणे पाडायचे नाही. टांकसाळ्यांनी राजाच्या खजिन्यातून प्रत्येकी पाच पौंड चांदी उचलावी आणि मुदतीत तेवढ्याच वजनाची परत करावी. खोटे नाणे पाडणाऱ्याचा हात तोडावा. वाचताना वाटते, काय ही शिस्त! आणि त्या नाण्यावर ‘देवाच्या कृपेने राजा’ हे शब्द, मध्ये चार्ल्सच्या नावातील अक्षरे गुंफून केलेले क्रुसासारखे चिन्ह. परंतु जमिनीतून निघालेली नाणी गोळा करून पाहिली, तर या नमुन्याची नाणी शंभराहून अधिक ठिकाणी पडलेली आढळतात. फर्मान दहा म्हणते, नाणी शंभर म्हणतात. मी नाण्यांचे ऐकतो.

पुढे तर आणखी विलक्षण घडले. राजसत्ता खिळखिळी झाली, सरदार आणि बिशप आपापल्या प्रांतांचे धनी झाले, टांकसाळीही त्यांच्या ताब्यात गेल्या. पण चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या मेल या गावी नाण्यावर चार्ल्सचेच नाव पडत राहिले. राजा ८७७ मध्ये वारला. अकरावे शतक उलटले तरी नाणे चार्ल्सचेच! सरदारांना स्वतःचे नाव घालायला कोणी अडवले नव्हते. त्यांनी ते घातले नाही, कारण बाजार त्या नावाला सरावला होता आणि नवे नाव दिसताच लोक बिचकले असते. आपल्याकडेही कंपनी सरकारने शाहआलम बादशहा वारल्यावर जवळजवळ तीस वर्षे, म्हणजे १८३५ पर्यंत, त्याच्याच नावाचे रुपये पाडले, हे पुष्कळांना माहीत असेल. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचे. नावावरून राजाचे बळ मोजणाऱ्यांनी येथे काय करावे?

माझ्या मताला सर्वांत मोठा आधार मिळतो, आणि सर्वांत मोठा धक्काही बसतो, तो इंग्लंडच्या एथेलरेड राजापाशी. त्याच्या नावाचा अर्थ ‘थोर सल्ला’. लोकांनी त्याला जोड दिली ती ‘बिनसल्ल्याचा’ या अर्थाच्या शब्दाची. ९७८ ते १०१६ या त्याच्या कारकिर्दीत डेन लोकांच्या धाडी येत राहिल्या आणि राजा त्यांना पैसे देऊन परत पाठवीत राहिला. इतिवृत्तात ९९१ साली दहा हजार पौंड दिल्याची नोंद आहे. एका पौंडाची नाणी दोनशे चाळीस. म्हणजे चोवीस लाख नाणी मोजून दिली. १०१२ मध्ये आकडा अठ्ठेचाळीस हजार पौंडांवर गेला. या आकड्यांविषयी इतिहासकारांत वाद आहेत. पण खंडणी प्रचंड होती, याविषयी नाही.

प्रचलित मताप्रमाणे या दुबळ्या राजाचे नाणे हिणकस असायला हवे. ते तर त्या काळच्या युरोपातील उत्तमांत उत्तम होते! त्याचे वडील एडगर यांनी ९७३ च्या सुमारास सगळ्या राज्यात एकाच नमुन्याचे नाणे सुरू केले होते. एथेलरेडच्या काळी साठाहून अधिक गावांत टांकसाळी होत्या. दर काही वर्षांनी जुनी नाणी परत घेऊन नव्या ठशाची द्यायची, ही पद्धत बिनबोभाट चालू होती. नाण्याच्या दर्शनी बाजूस राजा आणि मागल्या बाजूस टांकसाळ्याचे व गावाचे नाव, अशी रचना. नाणे कमी भरले तर कोणाचा हात धरायचा, ते त्या नाण्यावरच लिहिलेले! एका बाजूस दिमाख आणि दुसऱ्या बाजूस जबाबदारी. नाणे चालले ते या दुसऱ्या बाजूच्या जोरावर, असे माझे मत आहे.

पण येथेच तो धक्का आहे, आणि तो लपवून चालणार नाही. हीच चोख व्यवस्था नसती, तर एवढी खंडणी गोळा तरी कशी झाली असती? गावोगावच्या प्रामाणिक टांकसाळ्यांनी मिळवलेला विश्वास कर वसूल करणाऱ्याच्या कामी आला आणि शेतकऱ्याची चांदी त्याच वाटेने समुद्रापार गेली. खणखणीत नाणे म्हणजे न्यायाचे राज्य नव्हे. बाजारातल्या माणसाचा विश्वास हे राजाचे खरे भांडवल असते, आणि ते भांडवल राजा त्याच माणसाविरुद्ध वापरू शकतो.

१००९ मध्ये डेन लोकांचे मोठे आरमार आले. राजाने सगळ्या देशाला तीन दिवसांचा उपवास आणि प्रार्थना फर्मावली. बहुधा त्याच वेळी एक अपूर्व नाणे पडले. त्यावर एथेलरेडचा चेहरा नाही. त्याच्या जागी देवाचे कोकरू आहे, आणि मागल्या बाजूस पंख पसरलेले कबूतर. या साऱ्या पाच-सहाशे वर्षांच्या संग्रहातून एकच नाणे उचलावे असे मला कोणी म्हटले, तर मी हे उचलीन. चेहरा घालण्याची धडपड केलेले राजे पुष्कळ. संकटात आपला चेहरा पुसून त्या जागी प्रार्थना ठेवणारा हा एक. कलाकृती म्हणून ते थोर आहे. पण त्याने डेन थांबले नाहीत. या नाण्याचे जे थोडे नमुने आज उरले आहेत, त्यांतले बरेचसे उत्तरेकडच्या देशांत सापडले. काहींना भोक पाडलेले आहे, म्हणजे कोणीतरी ते गळ्यात घातले होते. प्रार्थना ज्यांच्याविरुद्ध केली, त्यांच्याच मुलुखात ती दागिना होऊन मिरवली!

एथेलरेडची साधी नाणी तर आज इंग्लंडपेक्षा उत्तरेकडच्या मातीतूनच अधिक निघतात. खंडणी, सैनिकांचा पगार आणि व्यापार, या सगळ्या वाटांनी ती तिकडे गेली. तिथल्या राजांनी आपली पहिलीवहिली नाणी पाडली, तीही एथेलरेडच्या नाण्यांवरून. लढाईत हरलेल्या राजाचे नाणे जिंकणाऱ्यांनी गिरवले. १०१६ मध्ये डेन राजा कॅन्यूट इंग्लंडच्या गादीवर बसला, तेव्हा त्याने ही पद्धत मोडली नाही. पुष्कळ ठिकाणी टांकसाळेही तेच राहिले. आणि १०६६ मध्ये हॅरल्डने आपल्या नाण्यावर एकच शब्द कोरला: ‘शांतता’. जानेवारीत तो गादीवर आला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या रणांगणात पडला. शांततेचे ते नाणे चांदीने मात्र चोख होते.

शेवटी एक बारीकसा तपशील सांगतो. उत्तरेकडे सापडलेल्या या इंग्रजी नाण्यांवर पुष्कळदा लहान लहान टोचे आढळतात. नाणे हातात आले की तिथला माणूस सुरीचे टोक त्यात रुतवून चांदी आतपर्यंत चांदीच आहे ना, हे पाही. काही नाण्यांवर असे अनेक टोचे आहेत, कारण ते जितक्या हातांतून गेले, तितक्यांदा तपासले गेले. कोणी राजाच्या गालावर टोचले, कोणी मुकुटावर, कोणी नावाच्या अक्षरावर. त्या लोकांना ते नाव वाचता येत नव्हते आणि राजाविषयी रागही नव्हता. त्यांना एवढेच ठाऊक होते की, छाप कोणाचीही असो, विचारल्यावाचून घ्यायचे नाही.

तो राणीछाप रुपया आता माझ्याकडे आहे. यंदाही लक्ष्मीपूजनाला तो चौरंगावर ठेवीन. पण त्याआधी फरशीवर एकदा वाजवीन.